गटवार शर्यत आणि न्याय : १९५८ चा ब्रिटिश सलून मोटारींचा हंगाम व १९६८ ची लंडन–सिडनी मॅरेथॉन

प्रस्तावना

साधने असमान असताना स्पर्धा न्याय्य कशी ठरवावी, हा प्रश्न क्रीडेच्या इतिहासाइतकाच जुना आहे. प्रत्येक समाजाने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिलेले आढळते. कुस्तीत वजनगट असतात. रेसकोर्सवर सरस घोड्याच्या पाठीवर जादा वजन लादून त्याला इतरांच्या पातळीवर आणले जाते. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींत बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पाडण्याची रीत आहे. न्यायालयीन बंदीमुळे २०१४ पासून थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या साऱ्या काळात चर्चा झाली ती प्राण्यांच्या छळाची, आणि ते योग्यच होते. परंतु दातांवरून गट पाडण्यामागे जो न्यायविचार आहे, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

हाच न्यायविचार यंत्रयुगात मोटारींच्या शर्यतीत कसा उतरला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी दोन घटना निवडल्या आहेत. पहिली म्हणजे १९५८ सालचा ब्रिटनमधील सलून मोटारींच्या अजिंक्यपद स्पर्धेचा पहिला हंगाम. दुसरी म्हणजे १९६८ सालची लंडन–सिडनी मॅरेथॉन, जिचा आशिया खंडातील शेवट मुंबईत झाला. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. एक शर्यत बंदिस्त धावपट्टीवरची, दुसरी खंड ओलांडणारी. एकीत गट हाच पाया, दुसरीत मुख्य पारितोषिकापुरता गटाचा विचारच नाही. परंतु १९५८ च्या हंगामात अखेरपर्यंत झुंजलेले दोन प्रतिस्पर्धी, टॉमी सॉपविथ आणि जॅक सिअर्स, हेच दहा वर्षांनी १९६८ च्या मॅरेथॉनच्या उभारणीत एकत्र दिसतात. या योगायोगाकडे मोटार-शर्यतींविषयीच्या लेखनात एक गमतीदार किस्सा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो किस्सा नसून एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे आहेत.

येथे ‘टूरिंग कार’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. केवळ शर्यतीसाठी बांधलेली, एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी म्हणजे टूरिंग कार नव्हे. कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडणारी, कुटुंबाने बसून प्रवास करावा अशी बंद मोटार म्हणजे टूरिंग कार. ब्रिटनमध्ये तिला सलून म्हणत. प्रेक्षकाच्या दारात जी मोटार उभी असे, किंवा उभी असावी अशी त्याची इच्छा असे, तीच त्याला धावपट्टीवर दिसे. या प्रकारच्या शर्यतीचे आकर्षण त्यातच होते, आणि न्यायाची अडचणही त्यातूनच निर्माण झाली. कारण दारात उभ्या असलेल्या मोटारी सारख्या किमतीच्या नसतात.

१९५८ चा हंगाम

सुएझच्या पेचप्रसंगामुळे डिसेंबर १९५६ मध्ये ब्रिटनवर आलेले पेट्रोलचे नियंत्रण मे १९५७ मध्ये उठले. त्यानंतरच्या वर्षी ब्रिटिश रेसिंग अँड स्पोर्ट्स कार क्लब या संस्थेने सलून मोटारींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. त्यापूर्वीही अशा मोटारींच्या सुट्या शर्यती होत असत. पण वेगवेगळ्या धावपट्ट्यांवरील शर्यतींचे गुण एकत्र करून हंगामाअखेर एक विजेता जाहीर करावयाचा, ही कल्पना या मोटारींपुरती नवी होती.

इंजिनाच्या घनक्षमतेवरून, म्हणजे आपण बोलताना ज्याला ‘सीसी’ म्हणतो त्यावरून, मोटारींचे गट पाडण्यात आले. सर्व गटांच्या मोटारी एकाच वेळी धावपट्टीवर उतरत. मात्र गुण मिळत ते आपल्या गटातील क्रमांकाप्रमाणे. छोट्या मोटारीचा चालक एकूण क्रमवारीत दहावा आला तरी आपल्या गटात पहिला असल्यास, सर्वांत पुढे शर्यत संपविणाऱ्या मोठ्या मोटारीच्या चालकाइतकेच गुण त्याच्या खात्यावर जमा होत. हंगामाअखेर सर्व गटांचे गुण एकाच यादीत मांडले जात आणि ज्याचे गुण अधिक, तो राष्ट्रीय विजेता ठरे.

या रचनेतील बारकावा लक्षात घेतला पाहिजे. गटवार पारितोषिके देऊन संयोजक थांबले असते तर प्रश्नच उद्भवला नसता. प्रत्येक गटाला आपापला विजेता मिळाला असता. पण त्यांना सर्व गटांमिळून एकच विजेता हवा होता. म्हणजे आधी असमानता मान्य करून माणसे वेगळी केली आणि शेवटी त्यांना पुन्हा एका रांगेत उभे केले. या दोन कृतींमधील ताण पुढे तीस वर्षांहून अधिक काळ या स्पर्धेची पाठ सोडणार नव्हता.

टॉमी सॉपविथ हा विमानविद्येतील अग्रणी सर थॉमस सॉपविथ यांचा मुलगा. पहिल्या महायुद्धातील ‘सॉपविथ कॅमल’ हे लढाऊ विमान त्याच घराण्याच्या नावाचे. त्याच्याकडे जग्वार ३.४ ही त्या काळची अतिशय वेगवान सलून मोटार होती. जॅक सिअर्स हा नॉरफोकमधील शेतकरी. त्याची मोटार ऑस्टिन ए-१०५ वेस्टमिन्स्टर, इंजिन २,६३९ सीसीचे. जग्वारचे इंजिन ३,४४२ सीसीचे. दोघांचे गट निराळे. त्यामुळे हंगामभर दोघे एकाच धावपट्टीवर धावत होते, पण एकमेकांशी धावत नव्हते. सॉपविथची जग्वार पुढे निघून जाई. सिअर्स आपल्या गटापुरता पहिला येऊन तेवढेच गुण मिळवी. सॉपविथसमोर स्वतःच्या गटात इतर जग्वार होत्या. त्याच वर्षी फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला माइक हॉथॉर्न हाही जग्वार ३.४ घेऊन सलूनच्या शर्यतीत उतरत असे. तेव्हा मोठी मोटार म्हणजे सोपा मार्ग, असे म्हणता येत नाही.

ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रँड्स हॅच येथे हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण समान भरले. नाणेफेक करून विजेता ठरवावा, अशी सूचना पुढे आली. ती दोघांनाही मान्य झाली नाही. अखेर त्याच धावपट्टीवर दोन सारख्या रायली १.५ मोटारी आणण्यात आल्या. दोघांनी पाच फेऱ्यांची एक शर्यत केली, नंतर मोटारींची अदलाबदल करून पुन्हा पाच फेऱ्या केल्या. दोन्ही शर्यतींचा वेळ एकत्र केल्यावर सिअर्स १.६ सेकंदांनी पुढे होता. ब्रँड्स हॅचची तेव्हाची फेरी जेमतेम दोन किलोमीटरची. म्हणजे सबंध हंगामाचा निकाल सुमारे २० किलोमीटरच्या धावेत आणि दीड सेकंदाच्या फरकाने लागला.

हा प्रसंग बहुधा सौजन्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. गटवार गुणांचे सूत्र यंत्रातील विषमता बाजूला सारून चालकाचे कौशल्य मोजण्याचा दावा करीत होते. समान गुण भरताच त्या सूत्राचा आधार संपला आणि संयोजकांना जे उत्तर सुचले ते असे : यंत्रच समान करा, आणि तेही पुरेसे नाही म्हणून यंत्रांची अदलाबदल करा. अदलाबदलीची ही अट अत्यंत बोलकी आहे. एकाच कारखान्यातल्या दोन सारख्या मोटारीसुद्धा खरोखर सारख्या नसतात, याची जाणीव तीत आहे. संपूर्ण हंगामात मूळ प्रश्नाला थेट भिडणारी अशी घटना हीच एक होती, आणि ती नियमपुस्तिकेबाहेर घडली.

गटपद्धतीचा पुढील प्रवास

पुढील वर्षांतील विजेत्यांची यादी पाहिली तर या पद्धतीचा परिणाम स्पष्ट दिसतो. १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर हा मिनीसारखी चिमुकली मोटार चालवून राष्ट्रीय विजेता झाला. १९६३ मध्ये सिअर्सने दुसऱ्यांदा विजेतेपद मिळविले. १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे बिल मॅकगव्हर्न याने एक लिटरहून किंचित कमी क्षमतेच्या सनबीम इंप मोटारीवर विजेतेपद राखले. त्याच काळात फ्रँक गार्डनर शेव्हरोले कॅमॅरो ही प्रचंड अमेरिकन मोटार घेऊन शर्यती जिंकत होता. प्रेक्षकांना डोळ्यांसमोर कॅमॅरो पुढे जाताना दिसे आणि हंगामाअखेर चषक इंपकडे जाई. १९७८ आणि १९७९ मध्ये रिचर्ड लाँगमन (मिनी), १९८७ मध्ये ख्रिस हॉजेट्स (टोयोटा कोरोला), १९८९ मध्ये जॉन क्लीलंड (व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा) हे सारे लहान गटातून आलेले राष्ट्रीय विजेते होत.

याविरुद्ध आक्षेप घेतला जाई तो असा की, ज्याला प्रत्यक्ष शर्यतीत कोणी पहिला येताना पाहिले नाही, तो विजेता कसा? हा आक्षेप पहिल्या नजरेत रास्त वाटतो, पण तो टिकत नाही. धावपट्टीवर प्रथम येणारी मोटार बहुधा आधीच दुकानात जिंकलेली असते; ती विकत घेण्याची ऐपत हाच तिचा विजय असतो. खरा दोष दुसरीकडे होता. ज्या गटात तुल्यबळ प्रतिस्पर्धी कमी, त्या गटात पहिले येणे सोपे. आणि गुण मात्र सर्व गटांत सारखे. म्हणजे यंत्राची विषमता दूर करताना स्पर्धेच्या तीव्रतेची विषमता मागल्या दाराने आत आली. हुशार संघ सर्वांत वेगवान मोटार शोधण्याऐवजी सर्वांत मोकळा गट शोधू लागले. १९९० मध्ये दोनच गट उरले आणि १९९१ पासून सर्वांना दोन लिटरच्या मोटारींचा एकच नियम लागू झाला. ब्रिटनमधील गटवार अजिंक्यपदाची परंपरा तेथे संपली.

ऑस्ट्रेलियात याच प्रश्नाला आणखी स्पष्ट उत्तर दिले गेले. १९६० मध्ये फिलिप आयलंड येथे सुरू झालेली आणि १९६३ पासून बाथर्स्ट येथे होऊ लागलेली ५०० मैलांची शर्यत प्रारंभी इंजिनाच्या क्षमतेवरून गट पाडीत असे. पुढे मात्र गट मोटारीच्या विक्री किमतीवरून पाडले जाऊ लागले, आणि १९७२ पर्यंत ही पद्धत चालली. ग्राहकाने विचारावे, ‘माझ्या खिशात इतके पैसे आहेत, यात सर्वांत चांगली मोटार कोणती?’ आणि शर्यतीने त्याचे उत्तर द्यावे. विषमतेचे मूळ सीसीत नसून किमतीत आहे, हे इतक्या उघडपणे मान्य करणारी दुसरी शर्यत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

जाता जाता एक उल्लेख करावासा वाटतो. आपल्या उच्चशिक्षणाच्या मूल्यांकनातही २०१७ पासून विद्यापीठे, स्वायत्त महाविद्यालये आणि संलग्न महाविद्यालये यांच्यासाठी स्वतंत्र नियमपुस्तिका आल्या. हे गट संस्थेच्या प्रकारावरून पाडले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालय आणि महानगरातील संलग्न महाविद्यालय एकाच गटात आले. गट पाडले म्हणजे न्याय झाला असे नाही. गट कशावरून पाडले, हे पाहावे लागते.

लंडन–सिडनी मॅरेथॉन

नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. एका पौंडाचा भाव २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आला. देशात निराशेचे वातावरण होते. त्या वर्षाच्या अखेरीस ‘डेली एक्स्प्रेस’ या वृत्तपत्राचे मालक सर मॅक्स एटकिन यांनी आपले दोन सहकारी जोसेलिन स्टीव्हन्स आणि टॉमी सॉपविथ यांच्याशी भोजनाच्या वेळी चर्चा केली. ब्रिटिश मोटारींचे सामर्थ्य जगाला दिसावे, वाटेतील देशांत त्यांची विक्री वाढावी आणि लोकांना उभारी यावी, यासाठी लंडनहून सिडनीपर्यंत मोटारशर्यत काढावी, अशी कल्पना त्यातून पुढे आली. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’चे सर फ्रँक पॅकर सहभागी झाले. पहिले पारितोषिक १०,००० पौंडांचे होते. संयोजनाचे सचिव म्हणून नेमणूक झाली ती जॅक सिअर्स याची. मार्ग आखण्याचे कामही त्याच्याकडे आले.

अवमूल्यनाचा अनुभव भारतीय वाचकाला नवा नव्हता. त्याच्या दीड वर्ष आधी, जून १९६६ मध्ये, डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला होता. दोन्ही देशांनी चलन स्वस्त केले ते निर्यात वाढावी म्हणून. फरक इतकाच की, ब्रिटनकडे निर्यात करण्यासाठी मोटारी होत्या.

सिअर्सपुढील मुख्य अडचण समुद्राची होती. पी अँड ओ कंपनीचे ‘चुसान’ हे जहाज ५ डिसेंबर १९६८ रोजी मुंबईहून ऑस्ट्रेलियाकडे निघणार होते. लंडनपासून मुंबईपर्यंतचा सारा आशियाई प्रवास या एका तारखेशी बांधला गेला. मुंबईचे बंदर हे या शर्यतीचे मध्यवर्ती सांधे होते. तेथे वेळेत जो पोहोचणार नाही, त्याच्यासाठी उरलेली शर्यत नव्हती. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, सिवास, तेहरान, काबूल, सरोबी, दिल्ली असे टप्पे ठरले. १९६५ च्या युद्धाला तीनच वर्षे झाली होती, तरी पाकिस्तान आणि भारत या दोन्ही देशांनी या मोटारींना वाट दिली. पुढील पन्नास वर्षांचा पश्चिम आशियाचा इतिहास पाहता, लंडन ते मुंबई हा रस्ता खासगी मोटारींनी अकरा दिवसांच्या आत पार करता येत होता, हीच गोष्ट आज शर्यतीपेक्षा अधिक आश्चर्याची वाटते.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथून ९८ मोटारी निघाल्या. त्यांत पोर्श ९११ होती, सित्रोएन डीएस होती, ऑस्ट्रेलियन फोर्ड फाल्कन होत्या, सोव्हिएत संघाच्या चार मॉस्कविच होत्या, आणि १९३० सालची आठ लिटरची एक बेंटलीसुद्धा होती. नियम साधा होता. प्रत्येक टप्प्याला ठराविक वेळ. त्यापेक्षा जितकी मिनिटे उशीर तितके दंडगुण. शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. इंजिन लहान म्हणून सवलत नाही, मोटार महाग म्हणून बोजा नाही.

दहा वर्षांपूर्वी गटपद्धतीचे फळ मिळालेल्या माणसाने मुख्य पारितोषिकासाठी गटाविना शर्यत आखावी, यात वरवर विसंगती दिसते. परंतु मार्ग पाहिला म्हणजे तिचे स्वरूप बदलते. गुळगुळीत धावपट्टीवर अश्वशक्तीच निर्णायक ठरते. म्हणून तेथे गट हवेत. अफगाणिस्तानातील लाटाबंद खिंडीच्या दगडधोंड्यांत किंवा ऑस्ट्रेलियाच्या निर्जन मातीच्या रस्त्यांवर वेगवान मोटार आपला वेग वापरूच शकत नाही. तिथे टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय आणि माणसाची सहनशक्ती यांना मोल येते. पुस्तकातील नियम जे काम करतात, ते येथे रस्त्याने केले. ही गोष्ट सर्वस्वी नवी नव्हती. १९०८ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने मुंबई ते कोल्हापूर अशी सुमारे ६२० मैलांची विश्वासार्हतेची चाचणी घेतली होती. वाटेत सहा घाट होते. त्या चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची रोल्स-रॉईस यांत्रिक बिघाडासाठी एकदाही न थांबता गेली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. वेगापेक्षा न थांबणे मोठे, ही कसोटी सह्याद्रीच्या घाटांना तेव्हापासून ठाऊक होती.

मुंबईत ७२ मोटारी पोहोचल्या. आघाडीवर होता रॉजर क्लार्क, फोर्ड लोटस कॉर्टिनावर. त्या काळच्या मुंबईकराच्या नजरेने या ताफ्याकडे पाहिले पाहिजे. भारतात तेव्हा मोटार घ्यायची म्हणजे अ‍ॅम्बॅसडर, फिएट ११०० आणि स्टँडर्ड हेराल्ड या तिन्हींतून एक निवडायची, आणि तीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर. या तिन्हींचे आराखडे पन्नाशीच्या दशकातील युरोपचे. परवाना पद्धतीने जे गट पाडले होते, ते शर्यतीतल्या गटांपेक्षा फार कडक होते. त्यांत स्पर्धाच नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यात फिएट तयार होत असताना बंदरावर जगभरच्या कारखान्यांचा माल जहाजात चढत होता.

‘चुसान’ ५ डिसेंबरच्या पहाटे निघाले. त्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमा ४ डिसेंबरला होती. म्हणजे मुंबईत मोटारी जहाजाची वाट पाहात असताना, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेचा घोडेबाजार भरण्याचे ते दिवस होते. नंदुरबार तेव्हा तालुक्याचे ठिकाण. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. घोड्याची जात, चाल आणि अंगावरील खुणा पाहून किंमत ठरविणारे सारंगखेड्याचे जाणकार आणि सीसी पाहून गट ठरविणारे ब्रँड्स हॅचचे पंच यांची कधी गाठ पडली नसली, तरी त्यांना एकमेकांचा व्यवसाय समजावून सांगण्यास फार वेळ लागला नसता.

निकाल आणि त्याचा अर्थ

१३ डिसेंबरला जहाज फ्रीमँटलला पोहोचले. पर्थहून सिडनीपर्यंतचे अंतर तीन दिवसांत, जवळजवळ न झोपता, कापावयाचे होते. क्लार्कच्या मोटारीने दगा दिला. आघाडी लुसियाँ बियांकी आणि झां-क्लोद ओजिए यांच्या सित्रोएनकडे आली. शेवटच्या दिवशी, सिडनी दीडशे किलोमीटरवर आले असताना, समोरून आलेल्या एका मिनी मोटारीशी त्यांची टक्कर झाली आणि बियांकी गंभीर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क आपल्या ऑस्टिन १८०० सह स्पर्धेत होता. त्याने मोटार थांबवून जखमींना मदत केली. विजेता ठरला स्कॉटलंडचा शेतकरी अँड्र्यू कावन. त्याचे सहचालक ब्रायन कॉइल आणि कॉलिन माल्किन. मोटार हिलमन हंटर, १,७२५ सीसीची एक साधी कौटुंबिक सलून. १७ डिसेंबरला वॉरविक फार्म येथे त्याचे दंडगुण ५० भरले; हॉपकर्कचे ५६; तिसऱ्या आलेल्या इयन व्हॉन याच्या फोर्ड फाल्कनचे ६२. झासादाची पोर्श चौथी आली. एकूण ५६ मोटारींनी शर्यत पूर्ण केली, आणि त्यांत चारही मॉस्कविच होत्या.

सर्वांत महाग मोटारींपैकी कोणतीही पहिली आली नाही, एवढ्यावरून रस्त्याने सर्वांना समान केले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कावनच्या आणि हॉपकर्कच्या मोटारींत प्रत्येकी तीन चालक होते; क्लार्कच्या आणि बियांकीच्या मोटारींत दोनच. ऑस्ट्रेलियातील अखंड तीन दिवसांत तिसऱ्या माणसाची झोप ही मोटारीच्या अश्वशक्तीपेक्षा मोलाची ठरली. तिसरा माणूस म्हणजे जागा, वजन आणि खर्च. आणि तो घेण्याचा निर्णय संघाच्या ताकदीवर अवलंबून होता. कारखान्यांच्या अधिकृत संघांना वाटेत सुटे भाग आणि कारागीर मिळत, खासगी स्पर्धकांना मिळत नसत. ही विषमता १९५८ च्या सीसीच्या तक्त्यातही बसत नव्हती आणि १९६८ च्या दंडगुणांतही दिसत नव्हती. दोन्ही वेळी जी विषमता मोजता येत होती तेवढीच मोजली गेली.

ब्रिटिश उद्योगाला उभारी देण्याचा हेतू कितपत सफल झाला, हाही प्रश्न आहे. हंटर बनविणारी रूट्स कंपनी १९६७ मध्येच अमेरिकेच्या क्रायस्लरच्या ताब्यात गेली होती. हॉपकर्कची मोटार ज्या समूहाची, तो ब्रिटिश लेलँड १९७५ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावा लागला. हंटरचे आयुष्य वाढले ते इराणमध्ये. तेथे ‘पेकान’ या नावाने १९६७ पासून तिची जुळणी सुरू झाली होती, आणि पुढे कित्येक दशके ती तेहरानच्या रस्त्यांवरची सर्वसामान्यांची मोटार राहिली.

भारतातील संदर्भ

भारतात मोटार-शर्यतीचे केंद्र पुढे दक्षिणेकडे सरकले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती घेतल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायमची धावपट्टी उभारली. कोईमतूरजवळ २००३ मध्ये करी मोटर स्पीडवे सुरू झाला. या धावपट्ट्यांवरील राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन टूरिंग कार्स’, ‘इंडियन ज्युनिअर टूरिंग कार्स’ आणि ‘सुपर स्टॉक’ अशा गटांची नावे दिसू लागली. १९८३ नंतर मारुतीच्या मोटारी आल्या नसत्या तर हे गट पाडता आलेच नसते. कारण गट पाडण्यासाठी आधी बाजारात वेगवेगळ्या मोटारी असाव्या लागतात. मुंबईत १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारखी संस्था असूनही महाराष्ट्रात अशी कायमची मोठी धावपट्टी उभी राहिली नाही, हे येथे नोंदविले पाहिजे.

तरीही १९५८ च्या निर्णायक शर्यतीचा एक अंश भारतात दीर्घकाळ नांदला. ब्रँड्स हॅचवर सॉपविथ आणि सिअर्स यांनी अदलाबदल करून चालविलेल्या रायली मोटारींत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी’ मालिकेतील १,४८९ सीसीचे इंजिन होते. त्याच मालिकेतील, त्याच क्षमतेचे, पण एकाच कार्बोरेटरचे आणि सौम्य बेताचे इंजिन १९५९ पासून अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसविले जाऊ लागले. हॉपकर्कच्या ऑस्टिन १८०० चे इंजिनही याच घराण्यातले. सरकारी ‘अँबी’च्या मागच्या आसनावर बसून ज्यांनी धुळे, नंदुरबार किंवा धडगावचे रस्ते पालथे घातले, त्यांच्यापैकी कोणाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. उत्तरपाडा येथील कारखान्यात अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.